नॉर्मल रिपोर्टसुद्धा जपून ठेवा

"डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग जुनी फाइल कशाला सांभाळायची?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दिवाळीच्या साफसफाईत अशा कितीतरी फाइली रद्दीत जातात. माझं स्पष्ट मत आहे की हे नुकसान औषधाची गोळी चुकण्याइतकंच मोठं असू शकतं.

एक उदाहरण सांगतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्या ५२ वर्षांच्या एक बाई आल्या. क्रिएटिनिन १.०. लॅबच्या छापील मर्यादेत, म्हणजे नॉर्मल. पण त्यांनी जुने रिपोर्ट एका डब्यात ठेवले होते. ते तारखेप्रमाणे लावले, तर ८ वर्षांत आकडा ०.७, ०.८, ०.९ आणि १.० असा चढत आलेला. वय आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढतात. ती सुमारे १०९ वरून ६८ पर्यंत उतरली होती. वयानुसार थोडी घट होतेच, पण एवढी नाही. एकही रिपोर्ट 'अबनॉर्मल' नव्हता, तरी सगळे मिळून धोक्याची सूचना देत होते. लगेच लघवीतील प्रथिनांची तपासणी केली आणि रक्तदाबाचं औषध बदललं. तो डबा नसता, तर मीही "सगळं ठीक आहे" म्हणून त्यांना घरी पाठवलं असतं.

लॅब बदलली किंवा आदल्या दिवशी मटण खाल्लं, तरी क्रिएटिनिन थोडं हलतं. म्हणून एका आकड्याने घाबरू नका. वर्षानुवर्षं एकाच दिशेने जाणारा आकडा मात्र डॉक्टरांना दाखवा.

संगणकाच्या जगात अशा नोंदींसाठी खास 'टाइम-सिरीज डेटाबेस' असतात. त्यात प्रत्येक आकड्याला त्याची वेळ चिकटलेली असते, कारण वेळेशिवाय आकडा अर्धवट आहे. साखर १६०, पण कधीची? उपाशीपोटी असेल तर काळजीची. जेवणानंतर दोन तासांची असेल, तर मधुमेहाच्या अनेक रुग्णांसाठी चालण्यासारखी.

अशा डेटाबेसमध्ये जागा वाचवण्यासाठी जुन्या नोंदींची बऱ्याचदा सरासरी करून ठेवतात. तुमच्या बाबतीत इथेच सावध राहायला हवं. दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर दर ५ मिनिटांनी नोंद घेत असेल, तर दिवसाला २८८ आणि वर्षाला एक लाखाहून जास्त आकडे होतात. ते सगळे कायम ठेवण्याची गरज नाही, हे मान्य. पण पहाटे ६० आणि जेवणानंतर २४० यांची सरासरी १५० येते, आणि कागदावर ती बरी दिसते. पहाटेचा घाम आणि थरथर त्यात कुठेच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणाऱ्या एचबीएवनसी तपासणीचीही हीच मर्यादा आहे. म्हणून जुन्या नोंदी आटोपशीर करताना सरासरीबरोबर त्या दिवसाचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा वेळेसह ठेवा.

"हॉस्पिटलकडे असेलच की सगळं," असं म्हणू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. पण मूत्रपिंडाचा आजार दहा-दहा वर्षं हळूहळू वाढतो. मोबाइलमधलं अ‍ॅप बंद पडलं किंवा फोन बदलला, तर तेही गेलं. तुमची नोंद तुमच्याच हातात हवी.

त्यासाठी फार काही लागत नाही. एक वही घ्या किंवा मोबाइलमध्ये एक तक्ता करा. पाच रकाने आखा: तारीख, वेळ, तपासणी, आकडा आणि शेरा. शेऱ्यात 'गोळी बदलली', 'ताप होता', 'उपास होता' असं लिहा. घरच्या ग्लुकोमीटरची आणि बीपीच्या यंत्राची तारीख-वेळ, विशेषतः सेल बदलल्यावर, तपासून घ्या. ईसीजीचा कागद काही वर्षांत फिका पडतो, त्याचा फोटो आजच काढून ठेवा. अ‍ॅपमधल्या नोंदी अधूनमधून बाहेर काढून दुसरीकडे साठवा, आणि घरातल्या एका माणसाला त्या कुठे आहेत ते सांगून ठेवा.

पण दिवसातून दहा वेळा बीपी मोजत बसू नका. त्याने काळजी वाढते आणि काळजीने बीपी. किती वेळा मोजायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मोजाल तेवढं मात्र नीट लिहा.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना फक्त शेवटचा रिपोर्ट आणू नका. जुनेही घेऊन या, तारखेप्रमाणे लावून. 'नॉर्मल' होते तेसुद्धा.