घरमालकाने न्यायाधीश होऊ नये

गिरगाव-दादरकडे खोली मागावयास येणाऱ्यास आता भाडे सांगण्यापूर्वी ‘मूळचे कोठले?’ असे विचारले जाऊ लागले आहे. भाडेकरूची माहिती घरमालकाने कळवावी, असे आदेश मुंबई पोलिसांनी वेळोवेळी काढले आहेत. त्यांविषयी आमची तक्रार नाही. परंतु माहिती कळविणे निराळे आणि नागरिकत्वाचा निवाडा करणे निराळे. केवळ आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. मग जे या कागदांवरूनही ठरत नाही, ते घरमालक कशावरून ठरविणार? नावावरून आणि बोलीवरून!

जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात धाडण्यात आले. ते भारतीय असल्याचे दिसून येताच त्यांना परत आणावे लागले. सरकारी यंत्रणा जेथे चुकते, तेथे घरमालकाची काय कथा? इंग्लंडने २०१६ पासून ही तपासणी देशभर घरमालकांवर सोपविली. तीमुळे भेदभाव घडतो, हे २०२० मध्ये ती कायदेशीर ठरविणाऱ्या अपील न्यायालयानेही मान्य केले.

आपल्या शहराची रीत निराळी होती. गिरणीत कामाला आलेला कोकणी माणूस लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत वळकटी टाकी, तेव्हा गावकऱ्याचा शब्द हाच त्याचा दाखला असे. घुसखोर हुडकणे हे सरकारचे काम; ते त्याने कायद्याने करावे. घरमालकाने माहिती पोलिसांस कळवावी आणि भाडेकरूच्या हाती किल्ली द्यावी. त्याचे कर्तव्य तेथे संपते.