हालचालीचा धनी कोण?

उज्जयिनीचा राजा यशोधर याची कथा जैन परंपरेत शतकानुशतके सांगितली जात आहे. अशुभ टाळण्यासाठी देवीपुढे पशुबळी द्यावा, असा आग्रह मातेने धरला. राजाने ठाम नकार दिला. तेव्हा मातेने तडजोड सुचविली : पिठाचा कोंबडा घडवावा आणि तो देवीला अर्पण करावा. पिठाला जीव नाही, मग हिंसा कोठली, असे वाटून राजाने मान तुकविली. परंतु त्या एका कृत्यामुळे माता व पुत्र या दोघांना अनेक जन्म पशुयोनीत भ्रमण करावे लागले. पहिल्याच जन्मात राजा मोर झाला आणि माता श्वानयोनीत गेली. हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’त ही कथा आहे, आणि सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’चा तर ती कणाच आहे.

कथेचे मर्म स्पष्ट आहे. आकृती निर्जीव असली, तरी तिच्यामागे उभा असलेला भाव सजीव असतो आणि त्याचे खाते कर्त्याच्याच नावावर लिहिले जाते. पापाला हा नियम लागू असेल, तर श्रमाला आणि कौशल्यालाही तो लागू असला पाहिजे. बाहुली नाचते, टाळ्या तिला मिळतात. पण ती हालचाल कोणाची? लाकडाच्या बाहुलीपासून संगणकाच्या पडद्यावरील आकृतीपर्यंत या कलेचा प्रवास पाहिला, की हा प्रश्न अधिकाधिक टोकदार होत जातो.

महाराष्ट्रात या कलेचे घर म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव. तेथील ठाकर समाजाने तीन कला जतन केल्या आहेत : कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारतातील प्रसंग सांगणारी चित्रकथी, पडद्यामागे दिव्याच्या प्रकाशात हलणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आणि लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या. चामड्याचा उल्लेख येताच जैन वाचकाच्या मनात संकोच उत्पन्न होणे स्वाभाविक आहे; परंतु लाकूड, कापड, दोरा आणि कागद यांवर उभ्या असलेल्या उरलेल्या दोन कलांचा आस्वाद घेण्यास कोणतीच आडकाठी नाही. या समाजातील श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर कलासंग्रहालयात केले आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री किताब घोषित झाला. पिढ्यान्‌पिढ्या पडद्यामागे राहिलेल्या हातांना नाव मिळाल्याचा तो क्षण होता.

राजस्थानची कठपुतळी अनेक व्यापारी कुटुंबांना मूळ गावामुळे अधिक परिचित असेल. एकाच लाकडातून कोरलेले डोके व धड, रंगविलेले मोठे डोळे, कापडात कापूस भरून केलेले हात आणि पायांच्या जागी लांब घागरा किंवा अंगरखा. पाय नसूनही घागऱ्याच्या झोकामुळे ती चालते आहे, असा भास होतो. सूत्रेही मोजकीच असतात. दोऱ्याचा फास बोटांत अडकवून भाट समाजाचा कलावंत एका झटक्यात बाहुलीला वाकवितो, गिरकी देतो, रागावयास लावतो. तोंडात धरलेल्या ‘बोली’ नावाच्या बांबूच्या लहानशा शिट्टीतून तो बाहुलीचा आवाज काढतो आणि शेजारी बसलेला सहकारी त्या आवाजाचा अर्थ प्रेक्षकांना सांगतो. नागौरच्या अमरसिंह राठोडाचा खेळ हे या कलेचे मानचिन्ह होय. उदयपूर येथे देवीलाल सामर यांनी 1952 मध्ये स्थापन केलेल्या भारतीय लोककला मंडळाने या खेळाला नवे रूप दिले आणि 1965 मध्ये बुखारेस्ट येथील आंतरराष्ट्रीय बाहुली महोत्सवात पहिला मान मिळविला.

जपानमधील ओसाका शहरात बहरलेल्या ‘बुनराकू’ या बाहुलीनाट्यात एका बाहुलीला तीन कलावंत लागतात. मुख्य कलावंत मस्तक आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. पायांसाठी दहा वर्षे आणि डाव्या हातासाठी आणखी दहा वर्षे उमेदवारी करावी, असा तेथील संकेत आहे. मुख्य कलावंताचा चेहरा बहुधा उघडा असतो. उरलेले दोघे काळ्या वस्त्रात, काळ्या टोपडीखाली झाकलेले असतात. बाहुली मात्र तिघांच्या श्वासाच्या मेळावाचून एक पाऊलही टाकू शकत नाही. चेहरा झाकला, म्हणून श्रम झाकले जात नाहीत, हे तेथील जाणत्या प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते.

पुढचे पाऊल दोऱ्याचा त्याग करणारे ठरले. 1960 च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील ली हॅरिसन यांनी ‘ॲनिमॅक’ नावाची यंत्रणा उभारली. कलावंताच्या अंगावर सांध्यांपाशी विद्युतरोध बदलणारी उपकरणे बसविलेली असत. कोपर वाकले, की रोध बदले आणि पडद्यावरील रेखाकृतीचे कोपरही वाकत असे. बाहुल्यांच्या जगात विख्यात असलेल्या जिम हेन्सन यांनी 1989 मधील आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘वाल्डो’ नावाचे पात्र आणले. ते संगणकाने रेखाटलेले होते. पण त्याला चालविणारा हात निष्णात बाहुलीकाराचाच होता.

आज या विद्येला ‘मोशन कॅप्चर’ म्हणतात. तिच्या एका प्रकारात अंगावर प्रकाश परावर्तित करणारे लहान गोळे लावून भोवतालच्या अनेक कॅमेऱ्यांनी त्यांची जागा टिपली जाते. दुसऱ्या प्रकारात पोशाखातच सेन्सर असतात. एका प्रचलित रचनेत मस्तक, खांदे, हात, कंबर, मांड्या, पाऊल अशा ठिकाणी मिळून 17 सेन्सर बसवितात. प्रत्येक सेन्सर वेगातील बदल, वळण आणि दिशा यांची नोंद सेकंदाला अनेक वेळा करतो. या नोंदींत अल्पशी चूक साचत जाते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आणि मधूनमधूनही कलावंताला ठरावीक पवित्र्यात स्थिर उभे राहून यंत्राचा मेळ घालावा लागतो. दिवसाअखेर रोकडवहीचा मेळ घालावा, तसाच हा प्रकार.

येथेही कौशल्य पोशाखाचे नसते. पडद्यावर राक्षस अवजड पावले टाकीत असेल, तर ते ओझे सामान्य देहयष्टीच्या कलावंताला आपल्या गुडघ्यांत आणि कमरेत आणावे लागते. स्वतःचे शरीर हीच बाहुली आणि स्वतःचे चित्त हाच सूत्रधार, अशी ही स्थिती आहे. 2002 मधील ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटातील गोलमच्या आकृतीमागे ॲंडी सर्किस या अभिनेत्याचे देहभान होते. ती घडविण्यात शेकडो चित्रतंत्रज्ञांचाही वाटा होता. भारतात रजनीकांत यांचा ‘कोचडैयान’ हा चित्रपट 2014 मध्ये याच तंत्राच्या आधारे निर्माण झाला.

मात्र जुन्या व नव्या बाहुलीत एक मूलभूत भेद आहे. कठपुतळीवाला उठून गेला, की बाहुली पेटीत निजते. खेळ पुन्हा हवा असेल, तर त्यालाच पुन्हा बोलवावे लागते आणि पुन्हा बिदागी द्यावी लागते. सेन्सरने टिपलेली हालचाल मात्र मालकाच्या संगणकात शिल्लक राहते. ती दुसऱ्या आकृतीवर चढविता येते, दुसऱ्या खेळात वापरता येते, तिच्या आधारे कधीही न केलेली हालचालही निर्माण करता येते. कलावंताने एका दिवसाची मजुरी घेतली. ती नोंद मात्र मुद्दलासारखी वर्षानुवर्षे व्याज मिळवीत राहते. ते व्याज कोणाचे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेतील व्हिडिओ खेळांत आवाज व हालचाल देणाऱ्या कलावंतांनी जुलै 2024 मध्ये संप पुकारला आणि तो सुमारे अकरा महिने चालला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केली जाणारी आपली प्रतिकृती हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. 2025 मध्ये झालेल्या करारात अशा वापरासाठी कलावंताची संमती घेणे आणि त्याला वापराची माहिती देणे, या अटी आल्या. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने ‘परफॉर्मर’ या संज्ञेची व्याख्या समाविष्ट केली गेली. नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांचीही नावे त्या व्याख्येत आहेत, आणि सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती तीत सामावते. हा हक्क 50 वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या नावाच्या उल्लेखाचा आणि सादरीकरणाच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही दिला.

परंतु कायद्यापूर्वी व्रत आहे. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताला अदत्तादान-विरमण म्हणतात : जे दिलेले नाही, ते न घेणे. त्याचे अतिचार आचार्यांनी जणू बाजारपेठेत बसूनच लिहिले आहेत. चोरीस प्रेरणा देणे, चोरीचा माल विकत घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यापार करणे, खोटी मापे वापरणे आणि पाचवा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपविणे. कलावंताने एका खेळासाठी दिलेली हालचाल न विचारता दहा खेळांत वापरली, तर नऊ वेळा ती अदत्त ठरते. तिच्यावरून यंत्राने केलेली नक्कल त्याच्याच नावाने विकली, तर तो प्रतिरूपक व्यवहार होय. आणि असे चित्र स्वस्त मिळते, म्हणून जाणूनबुजून विकत घेणारा दुकानदारही व्रताच्या कक्षेबाहेर राहत नाही.

व्यापारी कुटुंबांशी याचा संबंध दूरचा नाही. आज घरातील तरुण मंडळी ॲनिमेशन व जाहिरातीच्या व्यवसायात उतरत आहेत. दुकानाच्या जाहिरातीसाठी हलती-बोलती पात्रे करून घेतली जातात. अशा वेळी करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : हालचालीची नोंद कोठे वापरली जाईल, किती काळ, पुनर्वापरास मोबदला किती, आणि कलावंताचे नाव कोठे येईल. हुंडीवर तारीख, रक्कम आणि धनी यांचा उल्लेख करणाऱ्या परंपरेला हे शिकविण्याची गरज नाही.

आणि लग्नसराईत राजस्थानी थाटाच्या मांडवात कठपुतळीचा खेळ ठेवला जातो, तेव्हाही हेच सूत्र लागू आहे. फुलांच्या सजावटीचे देयक निमूटपणे भागविणारे यजमान बाहुलीवाल्याशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतात, हे दृश्य दुर्मिळ नाही. खेळ संपल्यावर मुलांना बाहुलीपाशी न्यावे, तसेच पडद्यामागेही न्यावे. बोटांत दोऱ्याचे फास अडकवून बसलेला माणूस त्यांना दिसला पाहिजे. त्याचे नाव त्यांनी विचारले पाहिजे. पिठाच्या कोंबड्यामागचा भाव यशोधराच्या खात्यावर लिहिला गेला. नाचत्या बाहुलीमागचा श्रमही त्याच्या धन्याच्याच खात्यावर जमा झाला पाहिजे.