रंकाळ्यासाठी एक वही



कोल्हापूरला येणारा पाहुणा सकाळी अंबाबाईचे दर्शन घेतो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर जातो. भेळ खात कठड्यावर बसतो, पलीकडचा शालिनी पॅलेस पाहतो आणि घरी जाऊन रंकाळ्याचे कौतुक करतो. इथे पूर्वी काळ्या दगडाची खाण होती आणि भूकंपानंतर तिथे पाणी साचून तळे झाले, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. असे हे आमचे लाडके तळे. पण लाडक्या माणसाचे आजारपण घरच्यांना दिसते, पाहुण्याला दिसत नाही. रंकाळ्याचेही तसेच झाले आहे.

काही दिवसांपूर्वी एका रविवारी विद्यार्थ्यांबरोबर मी तळ्याच्या स्वच्छतेला गेलो होतो. आम्ही काठावरचे केंदाळ ओढून काढले, प्लॅस्टिकच्या पिशव्या गोळा केल्या. दुपारी सगळे घामाघूम होऊन सावलीत बसलो असताना अकरावीतील एका मुलीने विचारले, ‘‘सर, मागच्या वर्षीही आपण हेच केले होते ना? मग केंदाळ परत कसे आले?’’

प्रश्न साधा होता, पण त्याला उत्तर देताना मला घरी जाऊन गणित मांडावे लागले. ते तुम्हीही मांडून पाहा.

केंदाळ म्हणजे जलपर्णी. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. ऊन आणि खाद्य भरपूर असेल, तर तिने व्यापलेले क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. समजा, तळे पूर्ण झाकले गेले होते आणि आपण कष्टाने नव्वद टक्के केंदाळ काढले. उरले दहा टक्के. दोन आठवड्यांनी वीस, चार आठवड्यांनी चाळीस, सहा आठवड्यांनी ऐंशी! म्हणजे दोन महिन्यांच्या आतच तळे पुन्हा हिरवेगार. आपल्या श्रमांनी जे मिळाले, ते एवढ्याच अवधीचे.

मग केंदाळ काढू नये काय? अवश्य काढावे. मात्र काढलेला ढीग काठावर कुजत ठेवू नये. नाहीतर पहिल्या पावसात त्यातील द्रव्ये पुन्हा पाण्यात जातात. पण खरा प्रश्न वेगळा आहे. या वनस्पतीला एवढे खाद्य पुरवते कोण?

उत्तर आहे, आपणच. वनस्पतींना वाढीसाठी नत्र आणि स्फुरद लागतात. स्वच्छ तळ्यात स्फुरद फारच थोडे असते, म्हणून शेवाळाची वाढ आपोआप मर्यादेत राहते. मैला, मोरीचे पाणी, काही धुण्याच्या पावडरी यांतून मात्र ते भरपूर येते. भोवतालच्या वस्तीतील सांडपाणी नाल्यांवाटे रंकाळ्यात मिसळत आले आहे, ही गोष्ट कोल्हापुरात कोणालाही नवी नाही. काही नाले अडवून वळवण्याची कामेही झाली. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेशही झाला होता. तरी एखादा नाला पुन्हा वाहू लागला, की तळ्याच्या ताटात खाद्य पडू लागते.

याचा त्रास कोणाला होतो, ते पाहू. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतील प्राणवायू जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम विरघळतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे आपल्याला जेवढा मिळतो, त्याच्या तिसाव्या हिश्शापेक्षाही कमी प्राणवायूवर मासा संसार करतो. पाणी तापले की हा साठा आणखी घटतो. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जंतू त्याच साठ्यावर हात मारतात. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेही श्वसनासाठी तो घेऊ लागते. म्हणून शेवाळाने भरलेल्या तळ्यात पहाटेची वेळ सर्वांत कठीण. मेलेले मासे बहुधा सकाळी तरंगताना दिसतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

मासे गेले की टिबुकली, पाणकावळा, खंड्या यांचे पोट कसे भरणार? हे पक्षी पाण्यात सूर मारून भक्ष्य पकडतात. गढूळ पाण्यात त्यांना मासा दिसत नाही आणि केंदाळाच्या गालिच्यातून सूर मारता येत नाही. जांभळ्या पाणकोंबडीला थोडे केंदाळ चालते. पण सारे तळेच झाकले गेले, तर तळे कसले राहिले?

मग यातून वाट आहे काय? आहे, आणि ती इतरांनी चालून दाखवली आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराजवळ वॉशिंग्टन नावाचे मोठे सरोवर आहे. भोवतालच्या गावांचे सांडपाणी प्रक्रिया करून त्यात सोडत असत. प्रक्रियेने घाण कमी होई, पण स्फुरद पाण्यातच राही. १९५५ साली एडमंडसन या प्राध्यापकाच्या चमूला तिथे एक विशिष्ट शेवाळ आढळले आणि त्यांनी धोक्याची सूचना दिली. सांडपाण्याची एकत्र व्यवस्था करावी काय, यावर १९५८ साली नागरिकांचे मत घेतले गेले. पहिल्या खेपेस प्रस्ताव फेटाळला गेला. लोकांनी हार मानली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या खेपेस तो मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून दूर वळवले गेले. १९६४ साली त्या पाण्यात जेमतेम पाऊण मीटर खोलवरचे दिसत असे. १९६८ साली सुमारे तीन मीटरपर्यंतचे दिसू लागले!

कोणी म्हणेल, ते अमेरिकेत. आपल्याकडे लोक सवयी बदलत नाहीत. मला हे मान्य नाही. उसाचा रस आटवण्याची काहील तुम्ही गुऱ्हाळात पाहिली असेल. गणेशविसर्जनासाठी कोल्हापुरात अशाच काहिली ठेवल्या जातात आणि असंख्य कुटुंबे घरचा गणपती त्यांत विसर्जित करतात, निर्माल्य वेगळे देतात. पिढ्यान्‌पिढ्यांची, श्रद्धेची रीत या शहराने पाण्यासाठी बदलली. त्यापुढे नाला वळवणे हे काय अवघड काम आहे? फरक इतकाच, की मूर्ती सर्वांना दिसते, सांडपाणी दिसत नाही. मूर्ती वर्षातून एकदा येते, सांडपाणी रोज येते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तळ्याच्या काठच्या शाळांनी वर्षातून एकदा झाडू घेण्यावर समाधान मानू नये. त्यांनी वर्षभर एक वही ठेवावी.

साधन अगदी स्वस्त आहे. अँजेलो सेक्की हा इटलीतील खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांचे वर्णपटावरून वर्गीकरण करणारा. त्याने १८६५ साली समुद्राचे पाणी किती स्वच्छ आहे हे तबकडी बुडवून मोजले. तुम्ही २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्या. तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा. खाली वजन बांधा, वर दोरी बांधा आणि दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोहोंची सरासरी वहीत लिहा. त्याच जागी, दर पंधरा दिवसांनी, दुपारच्या सुमारास. शेजारी पाण्याचे तापमान, पाऊस, दिसलेले पक्षी आणि कोणता नाला वाहत होता, हेही लिहा. मात्र शिक्षक बरोबर असल्याशिवाय पाण्याजवळ जायचे नाही.

पावसाळ्यात मातीनेही पाणी गढूळ होते, हे ध्यानात ठेवा. म्हणून एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नका. यंदाचा जानेवारी मागच्या जानेवारीशी ताडून पाहा. तळाच्या गाळात साठलेले स्फुरद हळूहळू बाहेर येत राहते, त्यामुळे सुधारणेला वर्षे लागतील. त्यासाठीच वही एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे गेली पाहिजे.

मुलांच्या नोंदींना कोण विचारतो, असे शिक्षकांनी म्हणू नये. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७३ सालापासून सामान्य नागरिक अशीच तबकडी बुडवून सरोवरांच्या नोंदी ठेवू लागले. सांडपाणी रोखणे हे महापालिकेचे काम आहे, ते विद्यार्थ्यांचे नव्हे. पण ते काम झाले की नाही, हे विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे, आणि हातात पाच वर्षांचा आलेख असला म्हणजे त्या प्रश्नाला वजन येते.

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘सर, तबकडीला रंग कोणता आणायचा?’’ मला वाटते, रंकाळ्याला आज अशाच प्रश्नांची गरज आहे.