परतीचे दोर कापू नका

‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०.’ ऐन गाळप हंगामात, रात्री सव्वाअकराला पुण्यात घरी बसून मी सोलापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या स्विचला एवढी एक ओळ दिली आणि समोरचा पडदा गोठला. ‘व्हीलॅन’च्या पुढे ‘अ‍ॅड’ हा शब्द राहिला होता. तो असता, तर परवानगी असलेल्या व्हीलॅनच्या (स्विचवरच्या आभासी नेटवर्कांच्या) चालू यादीत ३० नंबरची भर पडली असती. तो नसला की स्विच जुनी यादी पुसतो आणि एकटा ३० ठेवतो. मी ज्या व्हीलॅनवरून आत शिरलो होतो, तेही त्यात गेलं. वर शहाणपणा असा, की त्याच ओळीखाली ‘राइट मेमरी’ही एका दमात पेस्ट केलं होतं. म्हणजे चूक सेव्हही झाली, आणि वॉचमनला स्विच बंद करून चालू करायला सांगण्याचीही सोय उरली नाही.

वजनकाट्याचा कॉम्प्युटर सर्व्हरपासून तुटला, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर गेली. मी गाडी काढली. अडीचशे किलोमीटर, पहाटे पाच. नेटवर्कशिवाय थेट स्विचशी बोलणारी, बॅगेतली निळी कन्सोल केबल जोडल्यावर दुरुस्तीला लागली दोन मिनिटं.

सूर्याजीनं सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट ऐकत आपण वाढलो. लढाईत ते शोभतं. आमच्या नेटवर्कच्या धंद्यात मात्र दोर आधी बांधायचा आणि मगच कड्यावरून उतरायचं. सिस्कोच्या स्विचवर हा दोर फुकट मिळतो. काम सुरू करण्यापूर्वी ‘रिलोड इन १०’ द्यायचं. कॉन्फिगरेशन सेव्ह करू का, असं त्यानं विचारलं, तर तिथे ‘नो’ म्हणायचं. मग बदल करायचा. आपण बाहेर फेकले गेलो, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि जुन्या सेव्ह केलेल्या स्थितीत परततो. सगळं ठीक असेल तर ‘रिलोड कॅन्सल’, आणि त्यानंतरच सेव्ह. रीस्टार्टमध्ये काही मिनिटं सगळ्यांचंच नेटवर्क जातं, हा तोटा आहेच. ज्युनिपरवाले इथे सुखी आहेत: ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि वेळेत दुजोरा दिला नाही, तर रीस्टार्टशिवायच जुनं कॉन्फिगरेशन परत येतं. वीस वर्षांत मी कितीतरी पोरांना शिकवलं, पण मुलाखतीत हे विचारणारा साहेब मला अजून भेटायचा आहे.

साहेबांबद्दल बोलायचंच तर बदलाच्या मंजुरीचा फॉर्म बघा. ‘फसलं तर काय कराल?’ या रकान्यात सर्रास लिहिलेलं असतं, ‘जुनं कॉन्फिगरेशन परत टाकू.’ अहो, पण आत शिराल कसे?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, ते असंच. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं त्यांची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. चुकीची आज्ञा अडवायला ठेवलेल्या तपासणी प्रोग्रॅममध्येच बग होता. डीएनएस सर्व्हरांचे मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले गेले आणि दुरुस्तीची नेहमीची साधनंही त्याच बंद नेटवर्कवर चालत असल्यानं माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली. तिथल्या कडक सुरक्षेतून आत जाण्यातही वेळ गेला. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, तर आपल्या एमआयडीसीतल्या कारखान्यानं काय समजायचं?

समजायचं एवढंच, की दुसरी वाट खरोखर दुसरी हवी. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणून निर्धास्त झालेले मालक मी पाहिलेत. दोन्ही फायबर एकाच चरातून आलेल्या, आणि एका दुपारी जेसीबीनं दोन्ही एकदम उचकटल्या. नेटवर्कचं आरोग्य रंगीत आलेखांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लाखो रुपये जातात. पण कन्सोल पोर्टला जोडायच्या चार-जी मोडेमची मागणी केली, की ‘पुढच्या बजेटमध्ये बघू’ असं उत्तर येतं. माझ्या मते हा क्रम सरळ उलटा आहे.

त्या साखर कारखान्याच्या रॅकमध्ये आता असा मोडेम आहे. सिम तिसऱ्याच कंपनीचं आहे. त्याचं रिचार्ज संपू देऊ नका, हे सांगायला मी दर महिन्याच्या एक तारखेला तिथे फोन करतो.