रेडियमचा इतिहास खाणीपासून सांगू या : जाहीरनामा

मादाम क्युरींचे चरित्र मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाते. 1921 साली अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून त्यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, ही हकीकत आपल्याला पाठ आहे. किंमत होती एक लाख डॉलर. ते कोलोराडोतल्या कार्नोटाइट या पिवळ्या खनिजातून काढले होते आणि एका ग्रॅमसाठी शेकडो टन खनिज खणावे लागे, हे मात्र आपल्याला कुणी शिकवले नाही.

हेच खनिज 1918 साली शेजारच्या कॅरिझो डोंगरांत, नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांच्या भूमीत सापडले. 30 जून 1919 रोजी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि आदिवासी भूमी खाणींसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा अधिकार वॉशिंग्टनमधल्या एका मंत्र्याच्या हाती गेला. नवाहोंची निवडलेली परिषद पहिल्यांदा भरली 1923 साली. ज्यांची जमीन, त्यांना विचारण्याआधीच ती वाटायची सोय झाली होती.

बेल्जियन काँगोतले कसदार खनिज बाजारात आले आणि अमेरिकेतला रेडियमचा धंदा बसला. पण त्याच पिवळ्या दगडात पोलादाला लागणारे व्हॅनेडियम होते, युरेनियमही होते. रेडियमने पाडलेल्या वाटेने पुढे अणुबॉम्बची मागणी आली. 1944 ते 1986 या काळात नवाहो भूमीतून सुमारे 3 कोटी टन युरेनियम खनिज निघाले. मागे पाचशेहून अधिक बेवारस खाणी उरल्या.

रेडियमच्या विघटनातून रेडॉन वायू निघतो. हवा खेळती नसलेल्या खाणीत तो साचतो, त्याचे किरणोत्सारी कण फुप्फुसात बसतात. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे 1879 सालीच नोंदले गेले होते. तरीही 1950 पासून सरकारी डॉक्टर नवाहो कामगारांना तपासत राहिले आणि धोका त्यांच्यापासून लपवला गेला. भरपाईचा कायदा आला 1990 साली. तोवर कित्येक घरांतले कर्ते पुरुष गेले होते.

म्हणून आम्ही, मराठीतले विज्ञानशिक्षक, लेखक आणि वाचक, आज ही चळवळ सुरू करत आहोत. आमचे ठराव असे :

1. रेडियमचा धडा शिकवताना खनिज कुठून आले, कुणी खणले आणि कुणाच्या संमतीने, हे आम्ही सांगू.

2. नवाहो कामगारांच्या आणि त्यांच्या विधवांच्या साक्षी मराठीत आणू.

3. बेवारस खाणी साफ करण्याचा खर्च, ज्यांनी खनिज नेले त्या कंपन्यांनी आणि ज्याने ते विकत घेतले त्या सरकारने उचलावा, या नवाहोंच्या मागणीला आमचा जाहीर पाठिंबा आहे.

4. 2005 साली नवाहो राष्ट्राने आपल्या भूमीत युरेनियम खाणकामावर बंदी घातली. तो निर्णय अंतिम मानला जावा.

5. झारखंडच्या जादुगुडापासून कुठल्याही युरेनियम खाणीबद्दल लिहिताना हेच प्रश्न विचारू.

शोधाचे मोठेपण आम्हाला मान्य आहे. क्युरींबद्दलचा आमचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण ज्या विज्ञानाचे ऋण आपण मानतो, त्यासाठी ज्यांनी खाणी खणल्या त्यांचेही ऋण आपल्यावर आहे.

शिक्षकांनो, उद्याच्या तासापासून सुरुवात करा. पालकांनो, मुलांना हा इतिहास पुरता सांगा. आणि हे ज्यांना पटते, त्या प्रत्येकाने या जाहीरनाम्याखाली सही करावी.