हवेचा जोर आणि हवेचा दोष

घर बांधावयास काढले की अंगणात सिमेंटच्या पोत्यांची थप्पी लागावयाची, हा काळ गोमंतकातही मागे पडत चालला आहे. मोठ्या बांधकामांना आता तयार काँक्रीट लागते आणि ते पुरविणाऱ्या केंद्रांत सिमेंट पोत्यांतून नव्हे, तर बल्करमधून सुटे येते. बल्करवरील कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, खालून फुंकलेल्या हवेने सिमेंट ताकासारखे वाहते होते आणि नळातून चढून उंच सायलोत जाऊन पडते. पंचवीस-तीस टन माल मनुष्याचा हात न लागता वर जातो, हमालाच्या पाठीवरील पन्नास किलोंचे ओझे उतरते, पोती फोडताना उडणारी धूळ थांबते. या सुधारणेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु जी पद्धत धूळ थांबविण्यासाठी आली, तीच सायलोच्या माथ्यावरून करड्या धुळीचे लोट सोडू लागते आणि शेजारच्या माडांची झावळे व वाळत घातलेले कपडे पांढुरके होतात, तेव्हा चुकते कोठे याचा विचार करणे प्राप्त आहे.

मूळ गोष्ट अगदी साधी आहे. नळातून सिमेंटबरोबर जेवढी हवा वर गेली, तेवढी सायलोतून बाहेर पडलीच पाहिजे. तिच्यासाठी सायलोच्या माथ्यावर कापडी गाळणी बसविलेली असते. हवा कापडातून निघून जाते, सिमेंट आत राहते. कापडावर साचलेला थर झाडण्यासाठी दाबाखालच्या हवेचे झटके ठरावीक वेळाने दिले जातात. ही गाळणी मोकळी असेल तोवर सारे सुरळीत चालते. ती बुजली की सायलोत दाब वाढतो, हा दाब नळातील प्रवाहाला उलटा रोखतो आणि खाली उभ्या असलेल्या चालकास एवढेच दिसते की माल चढेनासा झाला आहे.

गाळणी बुजते कशाने? आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीस पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेच पाणी कॉम्प्रेसरच्या हवेतही असते. ३० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. आषाढात हवा ९० टक्के दमट असेल, तर त्यांपैकी २७ ग्रॅम भरलेलेच असतात. गाळणी झाडण्यासाठी अशी सात घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंडली की तिच्यात १८९ ग्रॅम बाष्प येते. ती हवा थंड होऊन पुन्हा ३० अंशांवर आली की तिच्यात मावते मात्र ३० ग्रॅमच. उरलेले दीडशे ग्रॅमांहून अधिक पाणी होऊन बाहेर पडते. ते वाटेत काढून घेतले नाही, तर प्रत्येक झटक्यासरशी कापडावर शिंपडले जाते आणि सिमेंटला पाणी मिळाले की ते काय करते हे सांगावयास नकोच. झाडण्यासाठी सोडलेली हवाच गाळणीला गिलावा करते!

अशा वेळी केंद्रावर होते काय? नळ हातोडीने ठोकला जातो आणि कॉम्प्रेसरचा जोर वाढविला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. जोर वाढला की आधीच गुदमरलेल्या सायलोत आणखी हवा शिरते. सायलो सिमेंटचे वजन पेलण्यासाठी बांधलेला असतो, आतून फुगविण्यासाठी नव्हे. मग सुरक्षा-झडप उघडते आणि धूळ गावभर होते. ती झडपही सिमेंटने धरलेली असेल, तर छत किंवा गाळणीच उचकटली जाण्याचे भय असते. शिवाय नळातील वेग दुप्पट झाला तर बाकांची झीज सुमारे पाच-सहा पटींनी वाढते. आज नळ तुंबला म्हणून वाढविलेली हवा उद्या त्याच नळाला भोक पाडते.

म्हणून दोष शोधण्याची रीत असावयास हवी. टाकीतील दाब किती आणि गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक किती, ही दोन मापे प्रथम पाहावीत. हा फरक वाढला असेल तर हातोडी खाली ठेवून माथ्यावर जावे. तो नेहमीइतकाच असेल, तर चेपलेली रबरी नळी, गळका सांधा, थकलेला कॉम्प्रेसर अशी एकेक शक्यता पडताळीत जावे. रचना करतानाही हाच विवेक हवा. बल्कर रिकामा होताच टाकीतील उरलेली हवा एकदम सायलोत धावते. गाळणी त्या क्षणासाठी पुरेशी मोठी असली पाहिजे. भरण्याची नळी शक्य तितकी सरळ व कमीत कमी बाकांची असावी. आणि कोरड्या प्रदेशात नीट चालणारी यंत्रणा जशीच्या तशी आणून किनाऱ्यावर उभी करू नये. येथे हवा कोरडी करणारे यंत्र ही चैन नसून गरज आहे.

हा खर्च वायफळ आहे, असे काही मालकांस वाटेल. सिमेंटची धूळ डोळ्यांत आणि घामेजल्या त्वचेवर दाह करते. ती सोसणारा कामगार व शेजारी या नफ्यातला वाटेकरी नसतो. धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ती शक्य तितक्या जवळून शोषून घ्यावी, हे तत्त्व आपल्या देशाने १९४८ च्या कारखाने कायद्यातच मान्य केले होते. कायद्यांची नावे व कलमे बदलतात. हे तत्त्व बदलत नाही. कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा केंद्रांची पाहणी उन्हाळ्यातील कोरड्या दिवसांत न करता ऐन पावसात करावी आणि दाबमापक, सायलो भरल्याची सूचना देणारी घंटा व गाळणीच्या देखभालीची नोंदवही प्रत्यक्ष पाहावी. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून या भूमीत अभियंते घडवीत आहे. आपल्या दमट हवेत भुकट्या कशा वागतात, याचा अभ्यास तेथील विद्यार्थ्यांकडून होणे हे या प्रदेशाच्या दृष्टीने औचित्याचेच ठरेल.

यंत्र परगावाहून विकत आणता येते. हवा मात्र येथलीच वापरावी लागते. तिचा स्वभाव ओळखून जो यंत्र उभारील, त्याच्या सायलोवरून लोट उठणार नाहीत आणि शेजाऱ्यांना दारे-खिडक्या लावून बसावे लागणार नाही. हे भान उद्योजकांना येत्या पावसाळ्याआधी यावे, एवढीच अपेक्षा.