दिवे लागतील, आधी तेल तरी घाला

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या फेलोशिपवर चर्चा सुरू होती. विद्यार्थ्यांची संख्या २०० वर का आणली, असा प्रश्न होता. त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारले, पीएच.डी. करून पोरे काय दिवे लावणार? मोठा गदारोळ झाला, माध्यमांना दोन दिवस विषय मिळाला आणि सारे शांत झाले. वाक्य विसरले गेले, पण त्यामागची समजूत तशीच राहिली. संशोधन म्हणजे सरकारी पैशावर पोसलेली चैन, ही ती समजूत. ती एका नेत्याची नाही, सगळ्या व्यवस्थेची आहे.

याच्या बरोबर एक वर्ष आधी दिल्लीत दुसरा निर्णय झाला होता. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. सच्चर समितीच्या अहवालानंतर, २००९ मध्ये ती सुरू झाली होती. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी अशा सहा समाजांतले विद्यार्थी तिच्या आधारावर एम.फिल., पीएच.डी. करत होते. बंद का केली? कारण ती इतर योजनांवर ‘ओव्हरलॅप’ होते.

हे कारण तपासून पाहू. अनुसूचित जातींची फेलोशिप मुसलमानाला मिळत नाही, कारण १९५० च्या आदेशाने त्याला त्या प्रवर्गाबाहेर ठेवले आहे. ओबीसींची फेलोशिप ओबीसी मुसलमानाला मिळू शकते, पण खुल्या प्रवर्गातल्या गरीब मुसलमानाचे काय? उरली जेआरएफ, ती देशभरातल्या सगळ्यांसाठी, मोजक्या जागांची. आता समजा एखाद्याने दोन ठिकाणांहून पैसे उचलले. तर दोन याद्या समोरासमोर ठेवून त्याचे एक नाव कापता येते. शेवटच्या वर्षांत या फेलोशिपची निवडसुद्धा नेटच्याच निकालावरून होत होती. नाव कापण्याऐवजी योजनाच कापली, याला देखरेख म्हणत नाहीत. रेशन दुकानात दोन बोगस कार्डे सापडली म्हणून कुणी गावाचे धान्य बंद करत नाही.

त्यातही वेळ पाहा. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांचे प्रमाण ४.६ टक्के होते. लोकसंख्येतला वाटा १४ टक्क्यांच्या वर. आधीच्या वर्षापेक्षा जवळपास पावणेदोन लाख विद्यार्थी कमी झाले होते. घर गळते आहे हे दिसत असताना शिडीच काढून घेतली. आधी निवड झालेल्यांना पैसे मिळत राहतील, असे आश्वासन होते. त्यांचेही हप्ते महिनोन्महिने रखडले.

‘पण बोगस पीएच.डी.चे काय?’ हा प्रश्न लगेच येतो, आणि तो खोटा नाही. कॉपी-पेस्टचे प्रबंध आहेत. पैसे घेऊन लिहून देणारे आहेत. विद्यापीठांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत चार दिवस बसा, सगळे कळेल. तेव्हा हिशेब मागू नका, असे कुणीच म्हणत नाही. जनतेचा पैसा आहे, हिशेब हवाच. मुद्दा असा आहे की आज हिशेब एकाच माणसाकडून मागितला जातो आणि तो सगळ्यात कमजोर माणूस आहे.

विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी समितीसमोर प्रगती मांडायची. हजेरीपत्रकावर सही, प्रगती अहवालावर गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, मग फाईल विद्यापीठात. एक सही राहिली की पैसे अडकले. विद्यार्थी नाशिकचा, सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात, गाईड परीक्षेच्या कामावर. २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात ६० टक्क्यांहून जास्त मजकूर उचललेला निघाला तर नोंदणीच रद्द होते. योग्यच आहे. पण दिलेले प्रकरण वर्षभर न वाचणाऱ्या गाईडची मान्यता रद्द झाल्याचे कुणी ऐकले आहे? घरची कामे करून घेणाऱ्याची? व्हायवाच्या दिवशी जेवणावळीचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारणाऱ्याची? प्राध्यापकाने ८, सहयोगी प्राध्यापकाने ६ आणि सहायक प्राध्यापकाने ४ विद्यार्थी घ्यायचे, एवढी मर्यादा नियमात आहे. त्या विद्यार्थ्यांना वेळ किती द्यायचा, हे कोण मोजते?

मोजण्याच्या हव्यासाने काय होते, तेही आपण पाहिले आहे. यूजीसीने २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले, छापील निबंधाला गुण लावले. लगेच पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. मग यूजीसीनेच २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली. २०२२ मध्ये पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्तीही गेली. मधल्या काळात ज्या पोरांनी फेलोशिपचे पैसे त्या जर्नलवाल्यांच्या खिशात घातले, त्यांचा हिशेब कोण देणार? बाजार नियमाने उभा केला, बदनामी मात्र विद्यार्थ्याच्या वाट्याला आली.

देखरेख दोन्ही बाजूंनी असली तरच ती देखरेख. नाहीतर ती नुसती पाळत. सरकारने सहामाही अहवाल जरूर मागावा, पण हप्ता ठरल्या तारखेला द्यावा. उशीर झाला तर व्याजासह द्यावा. विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावे की किती जणांनी नोंदणी केली, किती जण मध्येच सोडून गेले, का गेले, आणि कोणत्या गाईडकडून गेले. तक्रार ऐकणाऱ्या समितीवर त्याच विभागाचे लोक नसावेत. गाईड बदलण्याचा अर्ज केला म्हणून पोराचे करिअर संपू नये. यात एकही मागणी महागडी नाही. म्हणूनच ती होत नाही, कारण पैशाची सबब सांगता येत नाही.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ मंजूर केली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. आपण स्वागताचे बॅनर लावले. बॅनर उतरल्यावर किती जमातींनी, किती अंजुमनांनी विचारले की फेलोशिप किती, कुणाला, कोणत्या तारखेला? बार्टीची पोरे आझाद मैदानावर बसली, सारथी आणि महाज्योतीची रस्त्यावर उतरली, म्हणून त्यांना काही ना काही मिळाले. आपला संशोधक विद्यार्थी एकटाच मंत्रालयाच्या चकरा मारतो, कारण त्याच्यामागे उभे राहणे हे काम आहे असे समाजाला वाटतच नाही. आपण डी.एड., बी.एड., फार्मसी, इंजिनिअरिंगची कॉलेजे काढली, चांगले केले. पण दहावी-बारावीच्या गुणवंतांना ट्रॉफी देणारी आपली संस्था पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला, जेव्हा खिसा रिकामा होतो आणि घरून लग्नाचा तगादा सुरू होतो, तेव्हा कुठे असते? मुलगी असेल तर तो तगादा पहिल्याच वर्षी सुरू होतो.

यात आपले काय जाते, ते सांगतो. दख्खनच्या मोगल सुभ्यांचे फारसी कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. पेशवे दफ्तराचे मोडी कागद पुण्यात आहेत. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली, रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिले. विजापूरच्या सूफींवरचा गाजलेला ग्रंथ रिचर्ड ईटन या अमेरिकन अभ्यासकाने लिहिला. त्यांचे ऋण आहेच. पण फारसी, मोडी, दखनी आणि मराठी एकत्र वाचणारी आमची पोरे किती? सिनेमावाले, भाषणवाले रोज आमचा इतिहास आम्हाला सांगतात. त्यांना उत्तर द्यायला व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड पुरत नाही. कागद वाचणारा माणूस लागतो. तो पाच-सहा वर्षांत तयार होतो, आणि तेवढी वर्षे त्याला जेवावे लागते, खोलीचे भाडे भरावे लागते.

काय दिवे लावणार, असे विचारणाऱ्यांना आमचे सरळ उत्तर आहे. दिवा तेलावर जळतो. तेल रोखून धरायचे, वात ओली करायची आणि उजेड पडला नाही म्हणून पोरांना बोल लावायचा, हे चालणार नाही. हिशेब मागा, आम्ही देऊ. तुमचाही तयार ठेवा.